वाडीची गाडी

४ नोव्हें., मंगळ.
शोरूमला मुंबईचे साहेब. शहरात लोक गाड्या विकत घेईनात, म्हणून कंपनीनं नवं काढलंय. गाडी विकायची नाही, महिन्याच्या भाड्यानं वापरायला द्यायची. अ‍ॅपवर. "लोकांना शेअरिंगची सवय लावा!" रत्नागिरीत जमलं नाही तर शोरूम बंद, माझी बदली कोल्हापूरला. इतकी वर्षं चावीबरोबर पेढे वाटले, आता भाडेकरू शोधा. मी कुठ्ठे जाणार नाही.

७ नोव्हें., शुक्र.
मालगुंडकडच्या सुमनकाकी आल्या. मासे विकतात, तोंडानं फटकळ. भाड्याचं सगळं नीट ऐकून घेतलं.
"बाय, लग्नाकार्याची मोठी भांडी आमच्या वाडीत सगळ्यांची मिळून हायत. तशीच येक गाडी दे. दवाखाना, पोरांची परीक्षा. रोज कोणाला लागते गो?"
आणि साहेब ह्यांना सवय लावणार!

८ नोव्हें., शनि.
साहेबांना फोन केला. "वाडी म्हणजे कोण? नियमात एक गाडी, एक माणूस." म्हटलं, मग शेअरिंग कसलं? त्यांनी फोन ठेवला.
डोकंच फिरलं. गाडी माझ्या नावावर काढली नि वाडीला दिली. चालवणारे चौघे, चौघांची लायसन्स बघितली. नियमात बसत नाही, ठाऊक आहे. बघू.

१ डिसें., सोम.
गाडी सर्व्हिसिंगला आली, सोबत काकी. दार उघडलं तर आतून पाण्याचा लोंढा! वाडीनं बादल्या ओतून सीटा, मॅट, स्टिअरिंग, सगळं घासून काढलेलं. मेकॅनिक कपाळाला हात लावून उभा.
काकी उलट त्याच्यावरच डाफरल्या. "भांडं परत देताना घासूनच देतात. उष्टं कोण देतं?"
हसून हसून पोट दुखलं. आता दोन दिवस गाडी उन्हात ठेवायची.

३ डिसें., बुध.
ओल्या सीटांचा सर्व्हिसिंग रिपोर्ट मुंबईला गेला, सगळं कळलं. साहेबांचा फोन. "वाडीवाल्यांनी फसवून गाडी नेली असं सांगा. नोकरी वाचेल तुमची."
आई म्हणते सांगून टाक, घर तुझ्या पगारावर चालतं. खरं आहे. भीती वाटते. पण स्वतःसाठी काकींना चोर ठरवू? हॅट.

५ डिसें., शुक्र.
सांगितलं साहेबांना. फसवलं कुणी नाही, मीच दिली. तुम्ही जे शिकवायला निघालात ते वाडीला कधीपासून येतं, नियम तुमचा बदला. साहेब म्हणाले, "सोमवारी मी स्वतः वाडीत येतो. चावी तयार ठेवायला सांगा."
काकींना कळवलं. त्या हसल्या. "चावी काय येका जागी नसते. ज्याची पाळी त्याच्या घरी. येऊ दे त्याला, फिरू दे दारोदार. च्या देऊ."
सोमवारी पाळी कुणाची, मी मुद्दामच विचारलं नाही.