धुळाप्पाचा हात

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

मैंदर्गी, ता. ५ सप्टेंबर १९३३

चिरंजीव सिद्धनाथ यास केराअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम. तुझी, गोजाची आणि चिमाची खुशाली कळव. हे पत्र नेहमीप्रमाणे मी सांगते आहे आणि माझा बिरप्पा लिहितो आहे. तो मध्येच आपली शाळेतली भाषा घुसडतो, तेव्हा पत्रात काही शहाणपणाचं आढळलं तर ते त्याचं समज.

पाऊस बरा झाला. बाजरी कमरेला लागली आहे. म्हशीला रेडी झाली. शहरात राहून तुला ह्या गोष्टींचा विसर पडला असेल म्हणावं, तर तू तिथंही गुरांच्याच दवाखान्यात नोकरी धरलीस. म्हणजे गाव सोडलंस, पण शेण काही सुटलं नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या लग्नात गोजा माप ओलांडून आत यायची होती तेव्हा मी दार अडवून उभी राहिले होते. कडेवर तीन वर्षांचा बिरप्पा होता. मी विचारलं होतं की तुला लेक झाली तर माझ्या लेकाला देणार का, आणि साऱ्या भावकीसमोर तू हो म्हणालास. मगच मी बाजूला झाले. लोक किती हसले होते, नवरदेवाला अजून मिसरूड फुटलं नाही आणि हा लेक देऊन बसला म्हणून. तरी शब्द तो शब्द. श्रावणात चिमाला चौदा पुरी झाली, आता सरकारच्या नव्या कायद्यालाही बोलायला जागा नाही. भाऊबीजेला तिला घेऊन ये. इथेच सुपारी फोडू आणि मार्गशीर्षात लग्न उरकू.

मला घाई आहे. का, ते विचारू नकोस. घरात मी एकटी बाई, सून हवी, एवढंच समज. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का,
केराबाई


सोलापूर, ता. १४ सप्टेंबर १९३३

तीर्थस्वरूप अक्कास बालक सिद्धनाथाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र पावलं. रेडी झाल्याचं वाचून गोजाला तुझ्या हातच्या खरवसाची आठवण झाली आणि तिने दिवसभर दुसरं काही बोलू दिलं नाही. मला शेण सुटलं नाही म्हणतेस ते खरंच आहे. काल एका टांगेवाल्याच्या घोड्याने लाथ मारली, तेव्हा वाटलं की हाही तुझ्याच बाजूने बोलतो आहे.

अक्का, शब्द मी विसरलेलो नाही. दारातली तू मला अजून दिसतेस. आई गेल्यावर तू मला मोठं केलंस, तुझ्यापुढे नाही म्हणायची माझी छाती नाही. पण चिमा शाळेत चांगली शिकते आहे. यंदाचं वर्ष जाऊ दे. लग्नाचं नंतर सावकाश बघू.

एक सहज विचारतो. बिरप्पाची प्रकृती कशी आहे? डोळे वगैरे चांगले आहेत ना? आणि मळ्यातल्या विहिरीला कठडा बांधलास का? तुझ्या पाठचा आपला धुळाप्पादादा त्या विहिरीत गेला त्याला आता तेवीस वर्षं होतील. मी दहा वर्षांचा होतो. अलीकडे त्याची फार आठवण येते. का येते ते भेटीअंती सांगेन.

गोजाचा नमस्कार. थोरल्या बहिणीने धाकट्यावर रागावू नये, एवढं मागणं.

तुझा,
सिद्धनाथ


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

मैंदर्गी, ता. २४ ऑक्टोबर १९३३

चिरंजीव सिद्धनाथ यास आशीर्वाद. वि. वि. भाऊबीजेला तू आला नाहीस. तुझ्या आवडीचं पुरण घातलं होतं. ताट करून, निरांजन लावून, पाट मांडून बसले. मोटारीचा आवाज आला की उठून बाहेर जात होते. शेवटी चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. शेजारची ईरम्मा बघत होती. ती मान खाली घालून आत गेली, त्याचंच मला जास्त लागलं.

शाळेचं कारण मला सांगू नकोस. तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. शहरात राहून तुला आता मेंढरं राखणारा जावई लाजेचा वाटतो. तुझ्या अंगातली बंडी कुणी शिवली होती ते आठव.

आणि दादाचं नाव कशाला काढलंस? ह्या घरात मी ते नाव काढत नाही, तुला ठाऊक आहे. लोक म्हणतात, दिवेलागणीला तो विहिरीपाशी फिरतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाट विचारतो. दर अवसेला मी त्याला नैवेद्य ठेवते. अंगारा झाला, मायाक्काच्या देवळात जाऊन आले, आणखी काय करू? विहीर आहे तशीच आहे. तिला हात लावायचा मला धीर होत नाही.

बिरप्पाचे डोळे चांगले आहेत. घारीसारखे आहेत असं लिही म्हटलं, तर हा लिहीना. मग चांगले आहेत एवढंच लिहवलं.

त्यालाच तुझ्याकडे पाठवते आहे. बरोबर करंज्या आहेत, त्या गोजाला दे. तुला खायच्या असतील तर आधी उत्तर दे आणि मग खा. रागावले आहे, तरी तुझीच आहे.

केराबाई


सोलापूर, ता. ८ नोव्हेंबर १९३३

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. हे पत्र महादेवप्पा मास्तरांच्या पत्त्यावर टाकतो आहे. त्यांनी ते तुला शाळेत बोलावून वाचून दाखवावं. घरात वाचणारा एकटा बिरप्पा, आणि हे त्याच्या तोंडून तू ऐकावंस असं मला वाटत नाही.

बिरप्पा चार दिवस राहिला आणि उत्तर न घेता गेला. इतकं गुणी पोर आहे, अक्का. लाज कसली वाटेल त्याची? लाज मला माझी वाटते. गेलं वर्षभर मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली.

गेल्या दिवाळीत गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला आणि चिमा तुळशीपुढे दिवा ठेवायला अंगणात गेली. मी ओट्यावर बसलो होतो. तिने डावा हात पुढे केला, बोटं फाकवली, हनुवटी वर उचलली आणि कान देऊन ऐकल्यासारखी एकेक पाऊल टाकत चालली. दादा असाच चालायचा. तोच हात, तीच हनुवटी. चिमाने त्याला पाहिलेलं नाही. त्याचा फोटो नाही. त्याच्या चालण्याबद्दल मी तिच्यासमोर कधी अवाक्षर काढलेलं नाही. मग हे तिला कुणी शिकवलं? मी हाक मारली ती चिमा म्हणून मारायची, तोंडातून दादा असं निघालं. पोरीने वळून पाहिलं, पण माझ्याकडे नाही. मी बसलो होतो त्याच्या हातभर बाजूला तिची नजर गेली.

उजेडात ती चांगलं वाचते. दिवस कलला की तिला भिंतही दिसत नाही. गोजा म्हणते की दादा आपल्यामागे सोलापूरपर्यंत आला. तिने ताईत बांधला. मी माशाचं तेल पाजलं, त्याने पुष्कळांचा रातांधळेपणा जातो म्हणतात. हिचा गेला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं की हे त्यातलं नाही, हे घराण्यातून येतं आणि हळूहळू वाढतं.

तेव्हा मी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांना मेंढ्यांचं म्हणून विचारलं. माणसांचं विचारायला जीभ उचलेना. ते म्हणाले की पिल्लाला अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून. एखादी खोड त्या अर्ध्यात पिढ्यान्‌पिढ्या दडून राहते आणि जनावर मात्र धडधाकट असतं. दोन्हीकडून तीच खोड आली की मग ती उघडी पडते. मला ते आपल्या घोंगड्यांवरून समजलं. दोन घोंगड्या एकावर एक घेतल्या तर एकीचं भोक दुसरी झाकते. दोन्हींची भोकं एकाच जागी असली की पाऊस थेट अंगावर.

आणि अक्का, आपल्या आबांना हे ठाऊक होतं. दर दोन वर्षांनी ते कळपातला मेंढा बदलायचे, लांब मोडनिंबाकडून दुसरा आणायचे. दुष्काळाच्या साली बदलायचा राहिला, तेव्हा तीन कोकरं आंधळी निपजली होती. आबांनी त्याच दिवशी मेंढा बाजारात नेला, हे तूच मला सांगितलंस. त्या आबांनी स्वतः मात्र मामाची मुलगी, म्हणजे आपली आई, केली. मग तू आपल्या मामाच्या घरात गेलीस आणि त्याच मामाची गोजा माझ्या घरात आली. मेंढरांसाठी एवढी काळजी घेणारी आपली माणसं, पोरांच्या बाबतीत घरातल्या घरातच फिरत राहिली.

म्हणून चिमा तुला देत नाही. तुझा बिरप्पा धडधाकट आहे, त्याला लांबची, परक्या घरातली मुलगी कर. माझ्या घरातला दादा तुझ्या घरी पाठवायचा नाही मला. शब्द मोडतो आहे. पाया पडतो. तुझ्या मनातून मला उतरवू नकोस.

सिद्धनाथ


मैंदर्गी, ता. १५ नोव्हेंबर १९३३

तीर्थस्वरूप सिद्धनाथमामांस बिरप्पाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. हे पत्र माझं स्वतःचं आहे, आईने सांगितलेलं नाही. तुमचं पत्र मास्तरांनी तिला वाचून दाखवलं. ती घरी आली आणि दोन दिवस चुलीपुढून उठली नाही. पत्रात काय होतं ते मी विचारलं नाही. मला ते आधीच ठाऊक होतं.

तुमच्या घरी दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर मी पाणी प्यायला उठलो. तुम्ही बाहेर होता, मामी दळणाला गेल्या होत्या, दिवा लागायचा होता. मी माठाच्या दिशेने हात पुढे करून चाललो होतो. समोरून दुसरा हात आला आणि माझ्या हाताला लागला. तोही चाचपडत होता. मी घाबरलो, खरं सांगतो. लहानपणापासून विहिरीवरच्या मामांच्या गोष्टी ऐकत आलो, मला वाटलं तेच आले. मग चिमा हसली. तिने हळू आवाजात विचारलं की तुला कधीपासून. मी सांगितलं की दोन वर्षं झाली. ती म्हणाली की तिला एकच.

मामा, माझे डोळे चांगले आहेत असं आईने लिहवलं आणि मी लिहिलं, त्याची क्षमा करा. तुम्हाला जाणारी सगळी पत्रं मी दुपारच्या उन्हात बसून लिहितो. संध्याकाळी ओळ सापडत नाही. तुम्ही चिमाचं आमच्यापासून झाकत होता आणि आई माझं तुमच्यापासून. आम्ही दोघं त्या अंधारात बसून हसलो आणि मग चिमा रडली. तिने मला पावलं मोजायला शिकवलं. दारापासून माठ अकरा पावलं.

आमचं तेव्हाच ठरलं. ती म्हणाली की पुढचा धुळाप्पा आपल्या हाताने पाळण्यात घालायचा नाही. मलाही ते पटलं. मी आईला सांगणार आहे की मला चिमा पसंत नाही, म्हणजे शब्द मोडल्याचा दोष तुमच्यावर येणार नाही. तुम्ही मला खोटं पाडू नका. चिमाला माझा नमस्कार सांगा आणि मामींना करंज्यांचा डबा परत पाठवायला सांगा, नाहीतर आई तेवढ्यावरून पुन्हा भांडेल.

आपला भाचा,
बिरप्पा


॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

मैंदर्गी, ता. २७ नोव्हेंबर १९३३

चिरंजीव सिद्धनाथ यास अक्काचे आशीर्वाद. वि. वि. हे बिरप्पाच लिहितो आहे. भर दुपारी अंगणात बसवलं आहे त्याला. त्याने ऐकावं म्हणूनच त्याच्याकडून लिहवते.

चिमा पसंत नाही असं त्याने मला सांगून पाहिलं. खोटं बोलताना त्याचा कान लाल होतो, तुझा होतो तसाच. तेही आपल्याच घरातून आलं असेल. मग त्याने सगळं सांगितलं. आता माझं ऐक.

तेवीस वर्षं मी सर्वांना सांगत आले की दादाला विहिरीने ओढलं. विहिरीने ओढलं नाही. मी पाठवलं. दिवेलागणीची वेळ होती, घरात पाण्याचा थेंब नव्हता. मी त्याच्या हातात घागर दिली. तो म्हणाला की अक्का, मला दिसत न्हाय, सकाळी आणतो की. मी म्हणाले की काम सांगितलं की बरे तुझे डोळे जातात. त्याने घागर खांद्यावर घेतली. हात पुढे धरून गेला. मी दारातून बघत होते आणि मला हसू येत होतं. वाटलं, सोंग करतो आहे. घागरीचा आवाज झाला तोवर मी हसतच होते.

दोन वर्षांमागे बिरप्पा तसाच हात धरून अंगणातून आला. मी त्याच्या तोंडात मारली. म्हटलं, असली सोंगं माझ्यापुढं करायची नाहीत. पोराने गाल धरून विचारलं की आई, मी काय केलं? मी आपली नैवेद्य ठेवत राहिले. वाटायचं, दादा रागावला आहे, माझ्या लेकाकडून वसूल करतो आहे. मास्तरांनी तुझं पत्र वाचलं तेव्हा मला दोन वेळा रडू आलं. एकदा चिमासाठी. एकदा ह्यासाठी की दादा रागावलेला नव्हता. तो बिचारा आपल्या सगळ्यांत होताच, आबांतही होता, माझ्यातही आहे.

मला घाई होती ती एवढ्यासाठीच, की मी आहे तोवर भावाची लेक घरात यावी. ती त्याचा हात धरील, हिणवणार नाही. मी हिणवलं तसं.

तुझा शब्द मी दारात उभं राहून घेतला होता, तेव्हा सोडायलाही दारातच यायला हवं. येत्या सोमवारी सकाळच्या मोटारीने येते. गोजाला सांग, आधी दारात थांबेन, शब्द सोडेन आणि मगच आत येईन. परतताना चिमाला महिनाभर घेऊन जाईन, माझी भाची म्हणून. भिऊ नकोस. विहिरीला कठडा बांधून घेतला आहे. किती उंच ठेवू, असं गवंड्याने विचारलं. मी बिरप्पाला तिथं उभं केलं आणि त्याला डोळे मिटून चालायला सांगितलं. त्याने हात पुढे केला. तो हात जिथं आला, तिथवर बांध म्हटलं.

भावा, लोभ तोडू नकोस.

तुझी अक्का,
केराबाई