खुर्चीतला पैलवान

शिवाजी पेठ, कोल्हापूर
३ मार्च २०२५

ती. संयोगिता आत्यास,
भैरवीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून हसशील. पण घरात फोनवर बोललेलं सगळं राजवर्धनदादाच्या कानावर जातं. तालमीला शंभर वर्षं होतायत. हनुमान जयंतीला जुन्या फोटो-पोस्टकार्डांचं प्रदर्शन आहे आणि प्रत्येक कार्डाखालची ओळ मला लिहायची आहे. एक नाव चुकलं तर अख्खी पेठ दारात येईल, या धास्तीनं जेवण जात नाही.

सोप्यातला पणजोबांचा फोटो तुला ठाऊकच आहे. पिराजी पैलवान, फेटा, हार, खुर्चीत ताठ. दादा त्याचा वीस फुटी फलक करतोय. पण आपला फोटो कडेनं कापलेला आहे. खांद्यावर कुणाची तरी बोटं तेवढी दिसतात. पणजोबांचे जोडीदार गुंडू पैलवान तुझ्या नेसरीचे, १९४१ साली तालमीची भिंत अंगावर पडून गेले. त्यांच्या घरी अख्खं कार्ड असेल का? विचारशील?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
भैरवी

नेसरी
१४ मार्च

चि. भैरवीस अनेक आशीर्वाद.

जेवण जात न्हाय म्हणतीस, मग सासरी काय वाऱ्यावर जगणार हायस? कार्ड मिळालं, सोबत धाडलंय. बसून वाच.

गुंडूची बहीण बाळाबाई अजून हाय, ब्याण्णव वर्षांची. तिनं सांगितलं की खुर्चीत तिचा भाऊ हाय. मेलेला. नीट बघ. कमरेला शेल्यानं खुर्चीशी बांधलाय, डोळे फोटोवाल्यानं कुंचल्यानं काढलेत. घरच्यांना शेवटचं तोंड दिसावं म्हणून तवा असे फोटो काढायचे.

भिंत-बिंत काय पडली न्हवती. आंघोळ घालायला गुंडूच्या आईनं फेटा सोडला, तर कवटी मागनं उघडी. उजव्या हाताची तीन बोटं मोडलेली. गावचा एक जण तवा तालमीत होता, त्यानं तिला गुपचूप सांगितलं. गुंडूनं पिराजीला चितपट करून सगळ्यांदेखत खिजवलं. पिराजीनं माती खणायचं फावडं उचललं. पहिला घाव गुंडूनं हातावर झेलला, वळून पळताना दुसरा डोक्यात बसला. वस्तादानं सगळ्यांची तोंडं बंद केली.

मागं खांद्यावर हात ठेवून उभा हाय तो पिराजी, माझा आजा. दर शनिवारी तो त्या फोटोला हार घालायचा, मी बघितलंय. आम्ही खुर्चीतल्यालाच तरणा आजा समजलो. जित्या माणसानं स्वतःच्या फोटोला हार घातलेला कुणी बघितलाय का, पोरी? आणि आम्हाला कवा सुचलं न्हाय.

जपून राहा. जीव तुझ्यातच अडकलाय.
आत्या

कोल्हापूर
२७ मार्च

ती. आत्यास सा. न.

दादाला कार्ड दाखवलं. पणज्याला खुनी म्हणतीस व्हय, असं विचारून मी उत्तर द्यायच्या आत त्यानं थोबाडीत मारली. मी चौकटीवर आपटले. ओठाला तीन टाके पडलेत. आईनं डॉक्टरांना सांगितलं की जिन्यावरून पडली. तेव्हा मला तालमीची ती भिंत आठवली.

कार्ड शाहूपुरीत मैत्रिणीकडे ठेवलंय. खरी ओळ लागली तर हात मोडीन, असं दादानं बजावलंय. मी भित्री आहे, पण खोटी ओळ चारदा लिहिली आणि चारदा फाडली. बाळाबाई येतील का?

आशीर्वाद थोडे जास्त पाठव.
भैरवी

कोल्हापूर
१३ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

गुडघ्यामुळे तू आली नाहीस, म्हणून सगळं लिहिते. काल प्रदर्शनात मी ओळ लावली: 'खुर्चीत गुंडू, वय चोवीस, मृत. मागे पिराजी, त्यांना मारणारे.'

दादानं लाथ घालून मांडणी पाडली. काच फुटली. अडवायला आलेल्या तालमीतल्या सम्राटचं नाक त्यानं फोडलं, रक्त कार्डांवर उडालं. मग आखाड्यात रोवलेलं फावडं उपसून तो माझ्याकडे वळला. मी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मला ती तीन बोटं आठवली.

बाळाबाई काठी टेकत मध्ये आल्या. फावड्याच्या पात्यावरून त्यांनी हात फिरवला आणि दादाला विचारलं की भावाला मारलं ते हेच काय. मग म्हणाल्या की हाणायचं असंल तर मला हाण, पोरीची बोटं मोडू नको. तिला अजून माझ्या भावाचं नाव लिहायचं हाय. दादाच्या हातातून फावडं मातीत पडलं.

फलकावरच्या 'पिराजी'वर मी कागद डकवला आणि 'गुंडू' लिहिलं. दादानं शिडी धरली, असं लिहावंसं फार वाटतं. पण तो मागं न बघता निघून गेला. शिडी बाळाबाईंनी धरली होती.

लोभ आहेच, ओठ भरेपर्यंत थोडा वाढव.
तुझी,
भैरवी