ओटीतल्या काड्या

२६ ऑक्टो. ७६, मंगळवार
भाऊबीज झाली, इराण्णा मंगळवेढ्याला परत गेला, आन् त्याची पाठ वळताच ह्यांनी पिशवी भरायला घेतली. दुकान चार दिवस बंद, तासगावकडं फिरायला जाऊ, द्राक्षाच्या बागा बघू म्हणे. लग्न झाल्यापासनं सोलापुरातल्या भवानी पेठेच्या भायेर मला कदी हौसेनं नेलं न्हाय, आन् आत्ताच बागा कशा आठवल्या? मला कळत न्हाय व्हय. मंगळवेढ्याचं काळं रान बापानं माझ्या नावावर केलंय. धाकटा भाऊ इराण्णा ते कसतो, ज्वारी करतो, त्यावर त्याची चूल पेटती. ह्यांना तितं द्राक्षं लावायचीत. माझ्या सहीबिगर जमत न्हाय, म्हणून ही सहल.

२७, बुध. तासगाव
एसटीत हाडं खिळखिळी. बाग म्हणून दाखवलं काय, तर खांब आन् तारा. द्राक्ष एक न्हाय. आत्ताच छाटणी झाली, फळ शिमग्याच्या सुमाराला म्हणे.
"मग आलो कशाला? खांब बघायला?" बागवाल्या तात्यांना इचारलं. तात्या हसले. हे न्हाय हसले.
तात्या म्हणाले, "वैनी, तुमच्या रानात पाणी किती?"
"आभाळात असंल तेवढं."
 हेच मधी बोलले, विहीर पाडू. जसं काय पाणी ह्यांची वाट बघत खाली बसलंय.

दुपारी एका बंगलेवाल्याची बाग. मोठी. मागं शेड, शेडमधी पिंपं, पिंपात द्राक्षाची दारू. वास असा की डोकं उठलं. बंगलेवाला म्हणतो, "बाई, ही दारू नव्हं, वाईन. परमिट हाय. साहेबलोक जेवणासंगं घेतात."
"साहेबांच्या घरी कालवण बरं होत नसंल," म्हनलं.
त्यानं पेला पुढं केला. ह्यांच्या गळ्यात इष्टलिंग, दारूला शिवायचं न्हाय, आन् पेला घेतला. मी बघतेय हे बघून ओठाला लावला. बंगलेवाला म्हणतो, तुमची बाग धरू द्या, सगळा माल माझा. म्हंजे बापाच्या ज्वारीच्या रानातनं ही पिंपं भरणार.
रस्त्यात इचारलं, "आन् इराण्णा?"
"त्याला कामावर ठेवू की. रोजानं."
माझ्या भावानं माझ्याच रानात रोजगार करायचा. रात्री मुक्काम तात्यांच्या घरी. मी सैपाकघरात आंथरूण घातलं.

२८, गुरु.
तात्यांची बायको भली. भाकरी गरम, बोलणं कमी. निघताना ओटी भरली. खण, नारळ, गहू, आन् वर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पाच काड्या. द्राक्षाच्या.
"हे काय वो?"
"तुमच्या मालकांनीच सांगितलं, ओटीत घाला म्हणून. रानात लावणार हायसा न्हवं?"
पदर पसरलेला. कुंकू लागलेलं. भरलेली ओटी परत करता येत न्हाय, टाकता येत न्हाय, दुसऱ्याला देता येत न्हाय. खायचं ते घरात खायचं, लावायचं ते लावायचं. हे दारात उभं राहून बघत होते. पूजेला बसायचं म्हणलं की ह्यांची कंबर दुखती, पण ओटीची रीत बरोबर ठाऊक.
तिचा काय दोष. नमस्कार केला, निघाले.

२९, शुक्र. सो.पूर
काड्या मोरीत, बादलीत.
हे म्हणाले, "ओटीतलं हाय. लावायलाच पायजे."
"लावते की. तेलाच्या डब्यात."
"डब्यात जगंल व्हय? वाळली म्हंजे?"
 पुढचं बोलायची गरज न्हाय. सवाष्णीची ओटी नवऱ्याच्या आयुष्यासाठी असती. ती हातानं वाळवायची म्हंजे…
स्वतःचा जीव पुढं करून माझी सही मागतोय हा माणूस. आन् रात्री ताकभात मागून खाल्ला, शांत.

३०, शनि. म.वेढा
न सांगता काड्या घेऊन आले. ज्वारी गुडघ्याला लागलीय. इराण्णाचं घर रानातच, दारापुढच्या बांधावरच त्याला सगळं सांगितलं. बंगलेवाला, पिंपं, रोजगार, ओटी. वाटलं भडकंल, सोलापूरला येऊन दाजींची गचांडी धरंल. कसलं काय. काड्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "अक्का, रान तुजं हाय." आत जाऊन कुदळ घेऊन आला.
"कुटं खणू?"
मी वरडले. "भांड की माझ्याशी! तुजी ज्वारी जाणार, कळत न्हाय?"
"कळतंय की. पर तुज्या ओटीतलं हाय. दाजींचं काय झालं तर मी काय तोंड दाखवू तुला?"
भावजय दारात होती. आत गेली, चहा ठेवला. तिच्या चहाला साखर जास्तच पडली आज. सगळ्यांवर तोंड सोडती मी. तिच्यापुढं न्हाय सुटलं.

३१, रवि.
काड्यांचं फडकं भावजयीनंच भिजवून ठेवलंय, मला न इचारता. एका काडीचा डोळा फुगलाय, कोंब येणार. रानात एवढी ज्वारी हाय की कुदळ टाकायची म्हणली तर धा-बारा ताटं मोडावीच लागतील.
इराण्णा ओट्याखाली उभा हाय, कुदळ खांद्यावर. बैल सोडले न्हाईत, न्याहारी केली न्हाय. परत इचारलं त्यानं, "अक्का, कुटं?"
"थांब," म्हनलं, "लिवतेय."