मिनिटाला तीन सेकंद

मी, माध्यमिक शाळेतला विज्ञानशिक्षक, वय चौपन्न, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही हात धरून लिहवून घेत नसताना, माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवतो. किती दिवस उरले याचा डॉक्टरांचा आकडा दुसरीकडेही तपासून घेतला. दोन्ही जुळले.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक पत्नीची. तीस वर्षे कपडे धुण्याआधी तिने माझे खिसे तपासले. तारा, खडू, एकदा तर जिवंत बेडूक निघूनही संसार मोडला नाही.

२. माझी हत्यारे व भिंगे शाळेला. अट एकच, कपाटाला कुलूप नको. मुख्याध्यापकांनी सूक्ष्मदर्शक "मुलं फोडतील" म्हणून कुलपात ठेवले. फुटला एकही नाही, त्यातून कोणी काही पाहिलेही नाही. त्यांच्यावरचा राग मी सोबत नेतो.

३. प्रयोगशाळेच्या दारावर शाळेची सात मूल्ये रंगवली आहेत. चौथे माझे: 'जे दिसले तेच लिहा, चूक लपवू नका.' ते राहू द्यावे. त्याखालचे माझे नाव पुसावे.

४. माझ्याकडून झालेल्या चुकीबाबत. शाळेने मोडीत काढलेले स्टॉपवॉच मी घरी आणले होते, ते मुलीला. शाळेच्या शेवटच्या वर्षी ती माझ्याच वर्गात होती, तिथे मला 'सर' म्हणायची. दोलकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ यायला हवे. याच स्टॉपवॉचवर हिचे तीनदा ८.९ आले. बाकीच्यांनी आमच्या रिवाजाप्रमाणे आधी उत्तर लिहून मग निरीक्षणे जुळवली होती, म्हणून त्यांचे बरोबर. दुसऱ्या दिवशी तपासनीस यायचे होते.

ती म्हणाली, "सर, घड्याळ तपासू या का?"

मी म्हणालो, "घड्याळाला काय धाड भरलीय? आधी स्वतःचा हात तपास."

वर्ग हसला. तिने रबर घेतले, माझ्यासमोर ९.८ लिहिले. मी पैकीच्या पैकी दिले.

तीन आठवड्यांनी ते घड्याळ रेडिओच्या ठोक्यांशी लावून पाहिले. मिनिटाला तीन सेकंद पुढे. म्हणजे त्या घड्याळावर ८.९च यायला हवे होते. सुट्टीनंतर तिने विज्ञान सोडले. का, विचारले तर म्हणाली, "नाही जमत, बाबा. माझा हात चुकतो." मला ठाऊक होते, आणि मी मान डोलावली. याला अकरा वर्षे झाली.

ती दर रविवारी येते, उशी सारखी करते, औषधाची वेळ विचारते. काल हे तोंडी सांगायला घेतले. सांगितली औषधाची वेळ.

घड्याळ दुरुस्त करू नये. सोबत तिची प्रयोगवही आहे. खोडलेल्या ८.९ चा वळ कागदावर अजून दिसतो. शेजारी आज दहापैकी दहा दिले आहेत.

५. या कागदात एक दुरुस्ती आहे. कलम चारच्या सुरुवातीला हाताच्या सवयीने 'मुलीकडून' लिहिले गेले होते. एका रेघेने छाटून वर 'माझ्याकडून' केले. खालचे वाचता येते; तसेच राहू द्यावे. दोन्ही साक्षीदारांनी तिथे सही केली आहे.

सही: विज्ञानशिक्षक
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर
२. प्रयोगशाळेतले परिचर (त्या दिवशी वर्गात हजर, हसले नव्हते)
ठिकाण: राहते घर, खिडकीची खोली
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२४, सोमवार