'लुदमिला'ची ईमेल

३ मे
केयोनला पोचले. कचेरीच्या वरच्याच मजल्यावर खोली मिळाली, तिथून बंदर दिसतं, घरमालकीण बटाट्याचे गरम मिल्काओ वाढते, आणि मासेमारी कंपनीचा मेल सर्व्हर आजपासून माझ्या ताब्यात. मालक एरिबेर्तो ओयार्सो म्हणाले, "पोरी, शंभर ईमेल उघडाव्यात तेव्हा एक कामाची निघते. ही रद्दी तेवढी हटव." मजा येणार.

६ मे
मजा कसली! मी म्हणते, स्पॅम दारातूनच परत पाठवावा. पाठवणारा खरा असेल तर त्याला कळतं तरी. मालक म्हणतात, सगळं आत घे, मग बाजूला काढ. बाजूला काढलेलं पुन्हा बघतो कोण? हिशेब बघणारी यास्ना टोमणे मारते, "तुझ्या फिल्टरमधून गोळ्यांच्या जाहिराती सुटतात, माझी आई तेवढी अडकते." डोकं उठलं. शेवटी माझंच खरं केलं.

१० मे
'लुदमिला' नावाच्या बोटीवरून ईमेल. विषय नाही, मजकूर एवढाच: आत घ्या. बोटींच्या यादीत हे नाव नाही, म्हणून परत गेली. मालकांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. लुदमिला गेल्या हिवाळ्यात बुडाली. त्यांचा भाऊ नेल्सन तिच्यावर होता. कुणा हलकटाची थट्टा असणार. पत्ता बंद केला.

११ मे
पुन्हा आली, दुसऱ्या सर्व्हरवरून. तोही बंद केला, तर तिसऱ्यावरून. दिवसभर हेच. नियम बरोबर आहेत, मी तपासलेत. जीव विटला.

१३ मे
परत पाठवलेल्या ईमेलला उत्तर आलं: दार कोणी लावलं? आणि खाली माझं नाव. इथे मला ओळखतं कोण?
मालक रडले. बोट बुडाली त्या दिवशी नेल्सनने ईमेल करून मदत मागितली होती, म्हणाले. ती स्पॅममध्ये पडून राहिली, सापडली तेव्हा सगळं संपलं होतं. "घे त्याला आत, पोरी." मी नाही म्हटलं.

१४ मे, दुपार
मालकांनी स्वतःच फिल्टर बंद केला. प्रत्येकाच्या मेलमध्ये एकच शब्द — आलो. यास्ना पळाली. फिल्टर पुन्हा चालू होत नाही — पासवर्ड बरोबर आहे, तरी —

खाली मालक कुणाशी तरी बोलताहेत. आनंदाने. जड बूट, पुष्कळांचे. पाणी ठिबकतंय —

मालक म्हणताहेत, मी नव्हे रे नेल्सन, मी तर उघडलं. लावणारी वर आहे, उजवीकडच्या खो