दगडांखाली निजलेली हिमनदी

तीर्थरूप मामांना,

दोन्ही हातांनी कान धरले असल्यामुळे नमस्काराला हात मोकळे नाहीत. तो मनातूनच पोचता करते. गुडघे कसे आहेत? (लिफ्ट बंद असली की चार मजले चढताना माझा उद्धार करता, हे दादाने फोनवर ऐकवलं. त्यातलं निम्मं खरं आहे, आणि उरलेलं निम्मं आज मीच लिहिते.)

तुमच्या ओढ्याला पाणी देणारी हिमनदी निम्मी संपली, आता बाग काही जगत नाही, असं दोन वर्षांपूर्वी मीच तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं. तुम्ही डोंगराकडे बघून म्हणालात, "मला तर आहे तशीच वाटते. पण तू शिकलेली." आणि घर, बाग शेजारच्या मास्तरांना विकून शहरात दादाकडे राहायला गेलात. माझं शिकणं म्हणजे काय, तर उपग्रहाने काढलेल्या चित्रात पांढरा तो बर्फ आणि करडी ती जमीन, एवढं संगणकाला समजावायचं. गेल्या आठवड्यात पडताळणीसाठी प्रथमच वर गेले. (आधी का गेले नाही, हे रोजनिशीत मी स्वतःला अनेकदा विचारलंय. खुर्ची उबदार होती, याहून बरं उत्तर सापडलेलं नाही.) चढून दम लागला, म्हणून दगडांवर बसून डबा उघडला आणि सहकाऱ्याला (ऑफिसात त्याला सगळे बिनचूक म्हणतात) विचारलं, हिमनदी अजून किती लांब?

त्याने नकाशा पाहिला. "बरीच, मॅडम. आपण मोकळ्या जमिनीवर आहोत."

"मग माझी बैठक का गारठतेय?"

त्याने पायाने दगड सरकवला. खाली बर्फ. शेजारचा सरकवला, तिथेही बर्फ. कड्यावरून कोसळलेल्या दगडमातीचं पांघरूण ओढून बाई निवांत पडल्या होत्या, आणि मी त्यांचं दहावं-तेरावंसुद्धा उरकून बसले होते. उपग्रहाला आकाशातून पांघरूणच दिसणार. मी तर जमिनीवर राहते ना, मामा!

ती वितळतेय, हे खोटं नाही. पण ओढा भरून वाहतोय, तुमची झाडं लगडली आहेत. मास्तर टोपली भरता भरता म्हणाले, "तुमचे फार उपकार झाले हो आमच्यावर." मान वर करून बघवलं नाही.

तुमची अपराधी,
भाची

ता. क. मास्तरांना गळ घातली. कुरकुरत का होईना, ते घर परत द्यायला तयार झालेत. अट एकच : त्या गावाबद्दल मी पुन्हा काहीही वर्तवायचं नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवणार तोच मामीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. मग हळूच म्हणाली, "अगं, लग्न झाल्यापासून त्या ओढ्याचं पाणी डोक्यावर वाहिलं. इथे नळ फिरवला की गरम पाणी येतं. आणखी थोडे दिवस तुझं बरोबरच होतं असं राहू दे ना."

तरीही पत्र टाकतेय. आता जाणूनबुजून खोटं बोलणं जमायचं नाही. पण सामान बांधण्याआधी मामीला विचारा. गेल्या खेपेला तुम्ही मला विचारलंत, मी संगणकाला विचारलं. तिला कुणीच विचारलं नव्हतं.