कानामागून आला

सोमवार, ४ मार्च
गाडी माझ्या हातून गेली! धाकटीनं परस्पर माणूस आणून उभा केला — कार्ब्युरेटरवाला. म्हणे, आपल्या चिमुकल्या गाडीला दोन तोंडांचा मोठा कार्ब्युरेटर बसवायचा, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल जास्त मिळून रॅलीत चढावर दम टिकेल. बसव ना! पण मी काय मेले होते? दोन वर्षं मी हेच घोकत होते, तेव्हा कुणी ऐकलं नाही. सोनारानंच कान टोचावे लागतात!

बाबांच्या मागे दहा वर्षं हे गॅरेज मी चालवतेय. धाकटीच्या पहिल्या रॅलीपासून तिच्या गाडीचं इंजिन मी सुरात लावलंय, नुसत्या कानानं. आता म्हणते, "ताई, तू ब्रेक बघ." ब्रेक!

मंगळवार, ५ मार्च
तो हातमोजे घालून काम करतो. हातमोजे! नवरदेव.

दिवसभर दोघांची कुजबुज. मी जवळ गेले की ओठ हलताना दिसतात, शब्द एक नाही. "काय म्हणालास?" — "काही नाही ताई, दहाचा पाना मागत होतो." पाना मागायला एवढं हळू बोलावं लागतं?

जुना कार्ब्युरेटर त्यानं भंगारात टाकला होता. मी धुऊन माझ्या कपाटात ठेवला.

गुरुवार, ७ मार्च
नवा बसला. आता त्याची तऱ्हा काय, तर जोडातून हवा गळते का बघायला डबीतला फवारा मारतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याकडे टक लावून बसतो. काटा हलला की गळती. मी म्हटलं, बाबांनी मला रबराची नळी शिकवली — एक टोक कानाला, दुसरं जोडापाशी. हवा ओढली जात असेल तिथं सुस्कारा ऐकू येतो. कान शाबूत असताना फवारा कशाला?

हसला नाही. धाकटीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली.

मी त्याचं नाव ठेवलंय फवारे. आईला ते खरंच आडनाव वाटलं. "फवाऱ्यांचा मुलगा सालस आहे हो," म्हणते!

शुक्रवार, ८ मार्च
आई टीव्हीच्या आवाजावरून तडकली. "अख्ख्या गल्लीला ऐकवतेस का?" धाकटीनं हिचेही कान फुंकलेले दिसतात.

रविवार, १० मार्च
चाचणी. घाटाचा रस्ता. शेजारच्या सीटवर फवारे. माझी जागा ती!

परत आली ती ओरडतच — "ताई, तिसऱ्या गिअरमध्ये चढली!" आणि थाप मारली त्याच्या पाठीवर. कानामागून आला आणि तिखट झाला. जळतेय मी. लिहून टाकलं, आता काय व्हायचं ते होवो.

गेल्या रॅलीत पिस्टन भाजला, ते तिच्या डोक्यात आहे. तेव्हा विचारत होती, "ताई, चढावर टिकटिक येत होती, तुला नाही आली?" मी शेजारीच बसले होते. कसली टिकटिक न् काय! पेट्रोल भेसळीचं होतं, मी तेव्हाच सांगितलं.

येत्या रविवारी रॅली.

मंगळवार, १२ मार्च
लाज वाटते लिहायला.

दुपारी दोघं टायर आणायला गेली. इंजिन चालू केलं आणि नव्या कार्ब्युरेटरच्या बुडाचा एक नट पाव फेरा ढिला केला. एवढंच — रॅलीत गाडी धापा टाकेल, फवारेचं नाक कापलं जाईल. धाकटी त्याच गाडीत असेल, हे मनातसुद्धा आलं नाही.

हवा गळतेय ना, म्हणून नळी कानाला लावली. सुस्कारा नाही. अर्धा फेरा. नाही. दुसराही नट ढिला केला. इंजिन थडथडायला लागलं, बोटांना हवेची ओढ लागत होती — आणि कानात काही नाही! नळी फुटली असेल म्हणून हात बदलला, उजव्या कानाला लावली.

स्सस्स — केवढ्यानं!

डाव्याला. काही नाही. उजव्याला. स्सस्स. चारदा केलं. माझ्या उजव्या हातात नेहमी पाना असतो. नळी कायम डाव्या कानाला. आणि गाडीत त्या सीटवर बसलं की इंजिनाचं सगळं डाव्या कानावर सोडून उजव्यानं मी धाकटीचं बोलणं ऐकायची.

म्हणजे टिकटिक होती. मला ऐकू आली असती तर तिथंच गाडी थांबवायला लावली असती. पिस्टन मी भाजला.

नट आवळले. उजव्या कानानं दोनदा तपासलं. मग पायरीवर बसून राहिले. दोघं आली तेव्हा म्हटलं, डोकं दुखतंय.

बुधवार, १३ मार्च
सकाळी फवारेला म्हटलं, "ती डबी दे इकडे, मला शिकव. आणि बोलताना माझ्या उजव्या बाजूला उभा राहा."

"हो ताई," म्हणाला. "पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं. मीच विसरतो."